गिअरबॉक्स उघडण्याआधी



मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातला संशय आणि हेत्वाभास यांच्याबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं, की सर, तो डोंगर आणि तो धूर आता पुरे झाला, रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण घ्या. ठीक आहे. आज डोंगर नाही. धूर मात्र थोडा आहे, कारण उदाहरण डिझेल गाडीचं आहे, आणि तेही ऑटोमॅटिक गिअरच्या डिझेल गाडीचं.

हेच उदाहरण का? तर इथे चुकीच्या अनुमानाची किंमत रुपयांत मोजता येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचा म्हटलं की खर्च सहज लाखाच्या घरात जातो. गाडी कितीतरी दिवस उभी राहते. ज्याचं पोट त्या गाडीवर आहे, त्याचा सीझन बुडतो. आणि एवढं करून गाडी बाहेर आली आणि चौथ्या दिवशी तोच झटका परत बसला, तर? तर दोष हाताच्या कारागिरीत नव्हता. दोष पहिल्या वाक्यात होता.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि बोनेट उघडून डोकावण्याची हौस मात्र पहिल्यापासून होती. म्हणून आज जे सांगणार आहे ती दुरुस्ती नाही. दुरुस्तीचं ठरवण्याच्या आधी काय काय पाहून घ्यायचं, आणि ते त्याच क्रमाने का पाहायचं, एवढाच आपला विषय.

पहिलं वाक्य

ते पहिलं वाक्य कोणतं? 'गिअरबॉक्स गेला आहे, कारण गाडी झटका देते.'

आपल्या भाषेत मांडू. गिअरबॉक्स बिघडलेला असणं हे साध्य. झटका हा हेतू, म्हणजे कारण म्हणून पुढे केलेली खूण. आता नैयायिक काय विचारेल? तो विचारेल, की झटका फक्त बिघडलेल्या गिअरबॉक्समध्येच सापडतो का? की धड गिअरबॉक्सच्या गाडीतही सापडतो?

सापडतो. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसलेलं असतं, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, ते फाटलं की डी मध्ये टाकताना धाडकन आवाज येतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला की तसाच आवाज येतो. इंजिनाचा एखादा इंजेक्टर नीट डिझेल फवारत नसेल तर गाडी थरथरते. बॅटरी मरायला टेकली असेल तर गिअरबॉक्सचा कंप्युटर गोंधळतो आणि गिअर वेडेवाकडे पडतात. या चारही ठिकाणी झटका आहे आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहे.

म्हणजे हा हेतू साध्य असेल तिथेही राहतो आणि नसेल तिथेही राहतो. अशा हेतूला आपण काय म्हणालो होतो? सव्यभिचार, किंवा अनैकान्तिक. भटका हेतू म्हणा हवं तर. प्राथमिक तपासणी म्हणजे दुसरं काही नाही, या भटक्या हेतूच्या पायात एकेक बेडी घालत जायचं. 'झटका आहे, आणि तेल योग्य आहे, आणि वीज योग्य आहे, आणि इंजिन धड आहे, आणि तरीही झटका आहे', असं झालं की तो हेतू बराचसा जागेवर येतो. मग गिअरबॉक्सकडे बोट दाखवायचा अधिकार मिळतो.

आधी वस्तू ओळखा

आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' हा शब्द तीन वेगळ्या यंत्रांना लावतात. इथेच निम्मा गोंधळ होतो.

एक, एएमटी. २०१६ साली डिझेल डिझायरला आला तो हा प्रकार. आतला गिअरबॉक्स आणि क्लच आपल्या साध्या गाडीसारखाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरच्या हातापायांऐवजी एक छोटं यंत्र करतं. यात गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते. तो या रचनेचा स्वभाव आहे, आजार नाही. दोन, ड्युअल क्लच: विषम गिअरांना एक क्लच, सम गिअरांना दुसरा. आणि तीन, टॉर्क कन्व्हर्टरचा, खऱ्या अर्थाने जुना ऑटोमॅटिक. २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा, २.८ लिटर डिझेल, सहा गतींचा ऑटोमॅटिक, ती या तिसऱ्या जातीतली. आज मी प्रामुख्याने या तिसऱ्याबद्दल बोलतोय.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, तर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागेल. आता वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, आणि मध्ये परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवणारं तिसरं चाक बसवा. झाला टॉर्क कन्व्हर्टर. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत ती नंतर आली.

लक्षात काय ठेवायचं? इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये आहे ते तेल. एका ठरावीक वेगानंतर आतला लॉकअप क्लच दोघांना घट्ट बांधतो, पण त्याआधी सगळी भिस्त तेलावर.

मालकाला बोलू द्या

चरकसंहितेत रोग ओळखण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. क्रम बघा, अनुमान शेवटी आहे. गॅरेजमध्ये पुष्कळदा ते पहिलं येतं.

आप्त म्हणजे विश्वासू जाणकार. आपल्या बाबतीत ते दोन. एक गाडीसोबत आलेलं पुस्तक, जे बहुतेकांच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेलं नसतं. दुसरा, रोज गाडी चालवणारा माणूस. त्याला यंत्र कळत नसेल, पण त्याला गाडीची सवय माहीत असते. त्याला विचारायचं. थंड असताना होतं की तापल्यावर? कोणत्या गिअरला? चढावर की सपाटीवर? ॲक्सिलरेटर हलका असताना की दाबल्यावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं? नवी बॅटरी? नवे टायर? सर्व्हिसिंग? पुराच्या पाण्यातून गाडी काढली होती का? गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला तर त्या नळीतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं.

मग त्याला शेजारी बसवून गाडी चालवायची, आणि त्याने सांगितलेली तक्रार डोळ्यांसमोर घडते का ते पाहायचं. 'घसरते', 'उचलत नाही', 'झटका देते' हे तीन शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, पण अर्थ अगदी निराळे.

घसरते म्हणजे आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. जोर तयार होतोय, पण चाकापर्यंत पोचत नाही. उचलत नाही म्हणजे काटाही रेंगाळतो आणि वेगही. तिथे जोरच तयार होत नाहीये, म्हणजे आधी इंजिनाकडे बघायचं. हा एवढा एक फरक नीट पाहिला तरी कितीतरी गिअरबॉक्स उघडायचे वाचतील.

तेल

आता बोनेट उघडू. पहिली तपासणी तेलाची, आणि ती पहिली का? तर या तेलाकडे चार कामं आहेत. जोर पोचवणं, दाबाने आतले क्लच आवळणं, वंगण देणं आणि उष्णता वाहून नेणं. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच अर्धवट पकडतात, घसरतात, जळतात. तेल जास्त झालं तरी वाईट; फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. म्हणजे कमी आणि जास्त, दोन्हींची खूण जवळजवळ एकच.

पातळी कशी पाहायची? जुन्या गाड्यांत डिपस्टिक असते. गाडी सपाट जागेवर, तेल पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवून परत पी मध्ये आणायचा, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहायचं. बहुतेक म्हणालो, कारण काही कंपन्या इंजिन बंद करून लगेच पाहायला सांगतात. म्हणूनच पुस्तक. नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिकच नसते. खालून एक बूच असतं. तेल ठरावीक तापमानाला असताना त्यातून बारीक धार येऊन थांबत आली की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवर बघावं लागतं, गाडी रॅम्पवर समतल उभी लागते. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं काम नाही. पण 'पातळी पाहिली का, आणि किती तापमानाला पाहिली?' हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर समजा की पाहिलेली नाही.

पातळीनंतर रूप. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. काळपट आणि जळका वास असेल तर क्लच तापलेले आहेत. चमकणारे धातूचे कण दिसले तर आत झीज आहे. आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. अनेक गाड्यांत हे तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते, ती आत फुटली की दोन्ही मिसळतात. असं दिसलं तर गाडी तिथेच थांबवायची. 'गॅरेजपर्यंत नेऊ' हा मोह टाळायचा, कारण क्लचच्या अस्तराला पाणी सहन होत नाही.

अजून एक. इंजिन थोडंफार ऑइल पिऊ शकतं. गिअरबॉक्स पीत नाही. तिथे तेल कमी आहे याचा अर्थ ते कुठूनतरी गळलं आहे. नुसतं वरून भरून देणं म्हणजे प्रश्न झाकणं. आणि भरताना कंपनीने सांगितलेल्याच जातीचं. 'सगळं एटीएफ सारखंच, लाल असलं की झालं' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

इथे एक हकीकत सांगतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ प्रवासी गाडी चालवतात. घाट चढताना गाडी घसरायला लागली. एका वर्कशॉपने ऐकूनच सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्यांनी आधी तपासण्या करून मागितल्या. तेल पाहिलं तर बरंच कमी आणि जळकं. गळती शोधली तर कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडाला, ओली आणि धूळ बसलेली. आता तुम्हाला वाटेल, की मी सांगणार, पाइप बदलला आणि गाडी ठीक झाली. नाही. क्लच जळलेच होते, गिअरबॉक्स उघडावाच लागला. मग तपासणी वाया गेली का? बघा, तो पाइप तसाच राहिला असता, तर नव्या क्लचचीही तीच गत झाली असती. तपासणीने निर्णय बदलला नाही. निर्णयाचं कारण हाती दिलं. निदान म्हणजे 'काय मोडलं' एवढंच नसतं, 'कशामुळे मोडलं' हेही त्यात असतं.

वीज

दुसरी तपासणी विजेची. आजचा गिअरबॉक्स तेलावर चालतो, पण तेल कुठे जायचं ते विजेच्या झडपा ठरवतात, आणि त्यांना हुकूम देणारा एक कंप्युटर असतो. विजेचा दाब कमी पडला की तो चुकीचे निष्कर्ष काढतो. माणसाला रक्तदाब कमी झाल्यावर भोवळ येते, तसंच.

साधा मीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी रिकामी आहे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ लागली तर संशय घ्या. डिझेल इंजिनाला सेल्फ मारायला जास्त ताकद लागते, म्हणून कमकुवत बॅटरी इथे लवकर उघडी पडते. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५, काही नव्या गाड्यांत चार्जिंग कमी-जास्त होत राहतं, ते त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे बघायचं. मग बॅटरीची टोकं, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. हिरवट गंज, सैल नट, तुटत आलेली तार. शिवाय आपल्याकडे उंदीर आहेतच. चार दिवस गाडी उभी राहिली की वायरिंगवर दात मारलेले सापडतात. गिअरबॉक्सच्या वायरिंगचा जोड काढून आत पाणी, तेल किंवा गंज आहे का, हेही बघून घ्यायचं, अर्थात इग्निशन बंद करून.

याच गटात एक गंमतीची तपासणी आहे. तक्रार अशी, की लिव्हर पी मधून निघतच नाही. लोक घाबरतात, गिअरबॉक्स जाम झाला म्हणतात. आधी कुणालातरी गाडीमागे उभं करा आणि ब्रेक दाबून विचारा, ब्रेकचे दिवे लागतात का? लागत नसतील तर बहुधा ब्रेक पेडलचा स्विच किंवा फ्यूज गेलेला आहे. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याशिवाय लिव्हर सुटू नये अशी सुरक्षेची योजनाच असते. खबर पोचली नाही, लिव्हर सुटला नाही. यंत्र आपलं काम चोख करत होतं.

डिझेलचं वेगळेपण

आता इंजिन. गिअरबॉक्सचा कंप्युटर गिअर कधी बदलायचा आणि क्लच किती दाबाने आवळायचा, हे ठरवतो कशावरून? इंजिन किती जोर देतंय या माहितीवरून. ती माहिती चुकीची आली, की धड गिअरबॉक्स चुकीचं वागतो. हा एकदम आज्ञाधारक नोकर आहे, पण बातमी दुसरा आणतो.

म्हणून हे बघायचं: एअर फिल्टर तुंबलाय का, डिझेल फिल्टर कधी बदलला, त्यात पाणी आहे का, टर्बोचा होज सैल झालाय का, त्यावर तेलाचा ओला डाग आणि चढावर हुस्स असा आवाज ही त्याची खूण, ईजीआरची झडप काजळीने अडकलीय का, बीएस ६ च्या गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, सायलेन्सरच्या मार्गातला काजळीचा फिल्टर भरलाय का. तो स्वतःला जाळून साफ करत असतो तेव्हा आयडलिंग बदलतं, काही गाड्यांत गिअर उशिरा पडतात. रोज दोन किलोमीटर शहरातच फिरणाऱ्या गाडीत हे जास्त.

थरथर हा प्रश्न थोडा अवघड आहे. लॉकअप क्लच नीट धरत नसेल तर गाडी थरथरते, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी. आणि इंजेक्टर खराब असेल तरीही अगदी तशीच थरथरते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर, मागे कुणी नसताना, थरथर चालू असताना डाव्या पायाने नव्हे, नेहमीच्याच पायाने ब्रेक जरासा शिवायचा. बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय लॉकअपवर जातो. पण घाई नको! ब्रेक शिवताना पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, म्हणजे इंजिनावरचा भारही बदलला. म्हणून हा पुरावा नव्हे, ही दिशा. इंजेक्टर स्कॅनरवर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि आता माझं आवडतं उदाहरण. पेट्रोल इंजिनात हवा अडवणारी झडप असते, त्यामुळे तिच्या पलीकडे पोकळी, व्हॅक्यूम, आयतं मिळतं. डिझेल इंजिनात जोर कमी-जास्त होतो तो डिझेलच्या मात्रेवर, हवा अडवून नव्हे. म्हणून तिथे व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. १९७६ ते १९८५ या काळातल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतल्या डिझेल गाड्या घ्या. त्या एका पंपाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकची मदत, दारांची सेंट्रल कुलपं, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद करणं, आणि ऑटोमॅटिक गिअरला भार कळवणं, अशी सगळी कामं चालत. पेडल जितकं दाबाल तितका गिअरबॉक्सकडे जाणारा व्हॅक्यूम कमी. व्हॅक्यूम कमी म्हणजे भार जास्त, असं समजून गिअरबॉक्स क्लच जोराने आवळायचा.

आता समजा, दाराच्या कुलपातला रबरी पडदा फाटला. व्हॅक्यूम गळायला लागला. गिअरबॉक्सला काय कळणार? की भार प्रचंड आहे. तो धाडधाड गिअर टाकणार. मालक म्हणणार, गिअरबॉक्स गेला. दोष कुठे? दारात! आणि त्याच गाडीत किल्ली काढल्यावर इंजिन लगेच बंद होत नाही अशी दुसरी तक्रारही असू शकते, जी मालक सांगतच नाही, कारण त्याच्या मते तिचा गिअरशी काही संबंध नाही. दोन असंबद्ध तक्रारी, मूळ एक. म्हणून म्हटलं, मालकाला बोलू द्या, आणि त्याला बिनमहत्त्वाचं वाटतं तेही बोलू द्या.

स्कॅनर काय सांगतो

हल्ली स्कॅनर लावला की प्रश्न सुटला असं वाटतं. स्कॅनर हे शब्दप्रमाण आहे, पण वाक्याचा अर्थ लावावा लागतो. पी ०७०० हा कोड घ्या. लोक म्हणतात, बघा, गिअरबॉक्सचा कोड आला. तो कोड एवढंच सांगतो की गिअरच्या नियंत्रणाकडे काहीतरी नोंद झाली आहे, तिकडे जाऊन वाचा. तो निरोप्या आहे. निरोप्याच्या हातातलं पाकीट न उघडताच निकाल देणारे पुष्कळ आहेत.

म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, सगळ्यांचे कोड वाचायचे आणि कागदावर लिहून घ्यायचे, कोड पडला तेव्हाचा वेग, तापमान वगैरे तपशिलासकट. पुसायचे नाहीत. बॅटरीची वायर काढून ठेवायची नाही. पुसलेला कोड म्हणजे पुसलेली साक्ष. एबीएस का, असं विचाराल. तर चाकांचा वेग तिथून कळतो, आणि चार टायर वेगवेगळ्या मापाचे असले किंवा हवा कमी-जास्त असली तर तिथेही गोंधळ होतो. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत तर फारच. आणि शेवटी, कोडमध्ये एखाद्या सेन्सरचं नाव आलं म्हणजे तो सेन्सरच खराब, असं नाही. कदाचित तो खरं बोलतोय, आणि ते आपल्याला आवडत नाहीये.

एका वेळी एक

या सगळ्यात पथ्य एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग गाडी त्याच रस्त्यावर, त्याच परिस्थितीत चालवून बघायची. हा आपला अन्वय-व्यतिरेक. तेल, बॅटरी आणि सेन्सर तिन्ही एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर आनंद होईल, ज्ञान होणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे.

आणि जिवाची काळजी. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चाकांना दगड लावायचे. पी वर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हँडब्रेक हवाच. तापलेलं तेल अंगावर आलं तर भाजतं. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायची एक चाचणी असते, ती घरी करू नका. काही सेकंदांत तेल उकळायला येतं आणि ब्रेक सुटला तर समोरच्याचं काही खरं नाही. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत नेऊ नका, कारण इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, म्हणजे आत वंगण नाही. फ्लॅटबेडवरच न्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, गिअरबॉक्सचं जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो म्हणतात. खरं का?*

आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. लोक तेल कधी बदलतात? बहुधा त्रास सुरू झाल्यावर. मग तेल बदललं म्हणून बिघडला, की बिघडत होता म्हणून तेल बदललं? आधी-नंतर दिसलं की कारण-कार्य आहे असं मानू नये. वेळच्या वेळी, योग्य जातीचं तेल बदलत आलेल्या गाडीत हा प्रश्न उद्भवत नाही. आधीच घसरणाऱ्या, जळक्या तेलाच्या गाडीत मात्र नव्या तेलाकडून चमत्काराची अपेक्षा करू नका.

*प्रश्न: पण कंपनी तर 'आयुष्यभराचं तेल' म्हणते.*

कोणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न आहे! पुस्तकात पुढे वाचा. पुष्कळदा घाट, ओझं, टॅक्सीचा वापर, कडक ऊन यांच्यासाठी वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक दिलेलं असतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा वापर त्या 'कठीण' गटातच मोडतो.

*प्रश्न: इतकं सगळं वर्कशॉपला विचारलं तर त्यांना राग येणार नाही का?*

विचारण्याच्या पद्धतीवर आहे. 'तुम्हाला येत नाही' असं म्हणू नका. 'दादा, तेलाची पातळी, बॅटरीचे व्होल्ट आणि सगळे कोड एवढं एका कागदावर लिहून द्याल का, मग आपण ठरवू,' असं म्हणा. चांगल्या कारागिराला असं गिऱ्हाईक आवडतं, कारण त्यालाही बातमी हवी असते. आणि जो लिहून द्यायलाच तयार नसेल, त्याच्याकडे लाखाचं काम टाकावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

नैयायिकांच्या सोळा पदार्थांच्या यादीत संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मध्ये प्रयोजन आहे, दृष्टान्त आहे, सिद्धान्त आहे, अवयव आहेत, तर्क आहे. ती मधली पायरी गाळली की काय होतं ते आज आपण गॅरेजमध्ये उभं राहून पाहिलं. पुढच्या वेळी तर्क या आठव्या पदार्थाकडे वळू. उदाहरण कोणतं घ्यायचं, ते तुम्हीच सुचवा.

नमस्कार.